निवृत्तीची मूस

"बाई, गेटवर एक म्हातारी आलीय. म्हणते, पोराचं भांडं न्यायला आले."

गेटवरच्या साळुंख्याचा फोन. मी भट्टीच्या खोलीत, पंप बंद पडलेला, डोकं तापलेलं. मी त्याच्यावर खेकसले, की हे संशोधन केंद्र आहे, खानावळ नाही. इथं कुणाची डबेभांडी राहत नाहीत, तिला चुकून कुणी इकडं पाठवलं असेल. साळुंखे हळू आवाजात म्हणाला, "कुंभारसाहेबांची आई आहे, बाई."

मी हातातला पाना टेबलावर ठेवला, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि गेटकडे चालत सुटले.

निवृत्ती कुंभार माझ्या हाताखाली काम करायचा. हाताखाली आपलं म्हणायचं; शेवटच्या वर्षात मीच त्याच्या मागेमागे असायचे. कराडकडच्या एका खेड्यातला, शिष्यवृत्तीवर शिकलेला, सावळा, हसला की सगळे दात दिसायचे. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, की एवढे विषय पडलेत, तुला सिरॅमिक्सच कसं सुचलं? तर म्हणाला, "कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच की, बाई." मी मोठ्यानं हसले, आणि मला हसताना पाहून बाकीची माणसं चपापली. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, एकटी, आणि फटकळ म्हणून सगळ्या केंद्रात नाव काढलेली. त्याच्या नावावरून मी त्याला सारखी टोचायचे, की आईबापांनी नाव ठेवलं निवृत्ती आणि पोरगा कामावरून उठेल तर शपथ. तो म्हणायचा, "भट्टी थंड झाली की उठतो."

त्या श्रावणात त्याला कावीळ झाली. तो राहायचा त्या वस्तीत पाण्याच्या नळात गटाराचं पाणी मिसळलं होतं, निम्मी वस्ती आजारी पडली. बाकीचे उठले. हा हॉस्पिटलात गेला आणि आठवड्याभरात संपला. आमच्या कामाचा त्याच्या मरणाशी काही संबंध नव्हता. ते सगळं तपासून झालं होतं, तरी लोक मला आजही विचारतात म्हणून सांगून टाकते.

गेटपाशी ती पायरीवर बसली होती. साळुंख्यानं खुर्ची दिली होती, ती तशीच रिकामी. लुगडं स्वच्छ धुतलेलं, कपाळ उघडं, मांडीवर एक पिशवी आणि पिशवीत घडी केलेलं नवं धडुतं. मला बघून उठली. हात जोडले. तिचे ते हात मी बघत राहिले, अंगाच्या मानानं फार मोठे होते.

"मी निवृत्तीची आय. सारजा. तुमीच बाई न्हवं? तो म्हनायचा, बाई वरडत्यात पन पोटात माया हाय."

मी तिला कँटीनमध्ये घेऊन गेले. चहा मागवला. तिनं बशीत ओतला आणि तसाच निवू दिला. मी काय बोलणार? अंत्यविधीला मी गेले होते, तेव्हा हिला दोन बायांनी धरलेलं होतं, तिला माझं तोंडही आठवत नसणार. मग तीच सांगू लागली.

घरात तीन पिढ्या चाक. नवरा गेल्यावर दीर चाक फिरवायचा. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, पण चाकावरून उतरलेलं ओलं मडकं ठोकून वाढवायचं काम तिचं. आतून दगडाचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची. निवृत्ती लहानपणी तिच्या शेजारी बसून तेच करायचा. पुढं तो शहरात शिकला, मोठ्या नोकरीला लागला, आणि गावात कुणी विचारलं, की पोरगा काय करतो, तर ही सांगायची, "भांडी करतो." लोक फिदीफिदी हसायचे. एवढी बुकं वाचून शेवटी कुंभारच झाला म्हणायचे. तिनं ते त्याला बोलून दाखवलं. तर तो म्हणाला होता, की आय, मी करतो तसलं भांडं त्यांच्या बापजन्मी कुणी बघितलेलं नाही. एक चांगलं उतरलं की तुला दाखवतो.

"उतरलं हुतं न्हवं?" तिनं विचारलं. "आखाडात आला तवा म्हनला, उतरलं म्हनून."

उतरलं होतं. अगदी देखणं उतरलं होतं.

ते काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोनार सोनं वितळवायला वापरतो ती मूस तुम्हाला माहीत आहे. काही धातू असे हावरट असतात, की वितळले की मुशीचाच घास घेतात. साधी मूस ऑक्सिजन धरून असते, आणि हे धातू तिच्यातून तो ओरबाडून काढतात; मूस खराब, धातूही खराब. सीरियम तसलं, युरेनियम तसलं. म्हणून जिच्यात ऑक्सिजनच नाही अशी मूस हवी. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून थोरियम मिळतं, त्याची भुकटी करून तिच्यावरून सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू सोडला, की थोरियम सल्फाइड तयार होतं. ती भुकटी साच्यात दाबायची आणि हवा काढून घेतलेल्या भट्टीत, लोखंडाचं पाणी होऊन जाईल त्याच्याही कितीतरी वर तापवायची. बहुतेक मुशी तडकूनच बाहेर यायच्या. आमच्याकडे तडकलेल्यांचा एक डबा भरला होता. एक मात्र साबूत उतरली. पेल्याएवढी, आणि माती-दगडाची न वाटता धातूसारखी चकाकणारी. निवृत्ती तिच्याकडे बघत म्हणाला होता, "बाई, हिला तापल्यावर हवा सोसत नाही, आंबट सोसत नाही, पडलं तर सोसत नाही. फक्त आग सोसते."

पुढे त्या मुशीत आम्ही सीरियम वितळवलं आणि ते स्वच्छ उतरलं. पेपर छापून आला, त्याचं नाव पहिलं घातलं, गेलेल्या माणसाच्या नावाभोवती टाकतात तशी चौकट टाकून. मग वरच्यांना वाटलं, की एवढ्या भानगडीचं आणि किरणोत्सारी भांडं कोण वापरणार, दुसऱ्या वाटा आहेत. काम बंद झालं. पण ते सगळं नंतरचं. सारजाबाई आली तेव्हा मूस नुकतीच झालेली, निवृत्तीच्या काचेच्या पेटीत ठेवलेली, आणि अजून एकदाही वापरलेली नव्हती.

"तेवढं द्या मला," ती म्हणाली. "दुसरं काय नगं. त्याचा पगार, फंड का काय म्हनत्यात, ते समदं दीर बघतोय. मला त्यानं केलेलं भांडं पायजे."

आणि मी बोलून गेले, "देते, मावशी."

का बोलले कुणास ठाऊक. चाळीस कलमं पाठ असलेली बाई मी, दुसऱ्यानं एक नियम मोडला तर त्याच्या सात पिढ्या उद्धारणारी. पण ती समोर नवं धडुतं घेऊन बसली होती, मूस गुंडाळून न्यायला. नाही म्हणायला जीभच उचलेना.

मग मी नाडकर्णींकडे गेले. नाडकर्णी किरणोत्साराच्या सुरक्षेचे अधिकारी, सडपातळ, कोरडे, कधी आवाज न चढवणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाही. मी म्हटलं, घट्ट भाजलेली मूस आहे, भुकटी नाही. तिच्यातून निघतात ते किरण कातडीसुद्धा भेदत नाहीत. ते म्हणाले, आज घट्ट आहे. खेड्यातल्या घरात किती दिवस घट्ट राहील? एकदा चुरा झाला आणि श्वासात गेला, की छातीत जन्मभर बसून राहील. मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्ही माणूस आहात की कपाट, इथपर्यंत. ते शांतपणे म्हणाले, "स्टोअरमधून एखादी साधी ॲल्युमिनाची पांढरी मूस द्या ना. तिला काय कळणार आहे?"

"कुंभाराच्या घरातल्या बाईला भांड्यात फसवू?" मी म्हटलं. "आणि तेही त्याच्या नावानं?" त्यांनी मान खाली घातली, आणि मी दार आपटून बाहेर आले.

जिन्यात उभी राहून मी ठरवलं, की द्यायची. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जन्मात जमलं नव्हतं, पण त्या दिवशी मी लपवणार होते. मूस पिशवीत घालून बाहेर नेली तर माझी झडती घ्यायची कुणाची छाती नव्हती. नोकरी गेली असती, जाऊ दे. मला मागं-पुढं कोण होतं? आणि खरं सांगते, होतं ते एक पोरगं, तेही गेलं होतं. तो माझा कुणी नव्हता. पण त्याच्या डब्यातली भाकरी मी हक्कानं तोडून खायचे, आणि तो आजारी पडल्यावर मी पहिल्यांदा कुठल्या देवाला नारळ बोलले होते.

कँटीनमध्ये परत आले. तिला म्हटलं, जरा वेळ बसा, मी घेऊन येते. तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी सहज विचारलं, की घरी कुठं ठेवणार?

"देव्हाऱ्यात," ती म्हणाली. "लगीन न झाल्यालं पोर. त्याचा टाक करून देवात बसवू का नगं, भाऊबंदात वाद चाललाय. मी म्हनलं, टाक ऱ्हाऊ द्या, त्यानं सोता केल्यालं भांडं हाय, तेच बसवीन. रोज आंघूळ घालीन. त्यातलंच पानी तीर्थ म्हनून घीन. घरच्यांनाबी दीन, त्याच्या भावाची लेकरं हायती बारकी, त्येंच्या तोंडात घालीन."

माझ्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आन काळं पडू द्यायची न्हाई," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. तिला वाटलं, मला भांड्याची काळजी. "आमुशा-पुनवंला चिंच लावून घासीन. राखंनं घासीन. लख्ख ठेवीन बगा."

देवाची भांडी चिंचेनं घासायची, यात तिचं काय चुकलं? माझ्या आईनंही जन्मभर तेच केलं. पण थोरियम सल्फाइडला आंबट लागलं, की ते झिजतं, विरघळतं, दुर्गंधी सुटते. ती प्रेमानं घासणार, दर पंधरवड्याला थोडं थोडं पाण्यात उतरणार, बोटांना लागणार, राखेबरोबर उडणार, आणि तेच पाणी ती तीर्थ म्हणून त्या लेकरांच्या तोंडात घालणार. मी सांगू शकले असते, की मावशी, घासू नका, पाणी घालू नका. तिनं हो म्हटलं असतं आणि घरी जाऊन देवाचं भांडं पारोसं ठेवलं नसतं. ज्याला देव केलं त्याला आंघोळ घातल्याशिवाय ही बाई राहणार होती थोडीच!

मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि तिला सांगितलं, की मावशी, मला देता येणार नाही.

तिला वाटलं, साहेब नको म्हणाले. मी म्हटलं, साहेब नाही, मीच नाही म्हणते. ते विषारी आहे, घासलं की विष उतरेल. ती म्हणाली, "त्यानं केलं ते इख कसं असंल?" मी समजावत राहिले. ती आपली एकच धरून, की मी पाणी घालणार नाही, नुसतं ठेवीन. मग तीच थांबली. बशीतला गार चहा तिनं बाजूला सारला.

"बाई, एक सांगू का?" ती म्हणाली. "आमच्या गावात कुनीबी मेलं, मराठा असू दे, वानी असू दे, तर खांद्यावरचं मडकं आमच्या घरातनं जातं. कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई, पैशे इचारायचं न्हाई. माझ्या नवऱ्याचं मडकं बी माझ्या हातनं ठोकल्यालं हुतं. समद्या गावाला आमी दिलं. आन माझ्या पोराचं मडकं तुमच्या शेरात इकत आनलं. दुकानातनं. कुनी केल्यालं, कुनास ठावं. कडंला चीर हुती त्याच्या, मी बघितली. त्या पोराला धड मडकं मिळालं न्हाई, बाई."

ती रडली नाही. मी रडले. कँटीनमधली चार माणसं बघत होती आणि मी, जिला लोक घाबरायचे, टेबलावर डोकं टेकून रडत होते.

नाडकर्णी कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनी किती ऐकलं तेही माहीत नाही. ते खुर्ची ओढून बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "पेटीतून हात लावू दे त्यांना. मी बरोबर असेन." एवढं बोलून ते पुढे चालू लागले, आणि मी सारजाबाईला हाताला धरून त्यांच्यामागे निघाले.

ही पेटी म्हणजे ग्लोव्ह बॉक्स. पुढे जाड काच, काचेला दोन भोकं, आणि भोकांना आतल्या बाजूला लांब रबरी हातमोजे कायमचे बसवलेले. बाहेरून हात घालायचे, की आपण आतल्या वस्तूला धरू शकतो, पण तिला आपला स्पर्श होत नाही आणि आपल्याला तिचा. आत हवा नसते, आर्गॉन वायू भरलेला असतो. प्रत्येकाची पेटी ठरलेली. ही निवृत्तीची. तो गेल्यापासून त्या मोज्यांत कुणी हात घातला नव्हता. मीही नाही, मला धीर झाला नव्हता.

नाडकर्णींनी तिला पांढरा डगला घातला, पायात कापडी पिशव्या बांधल्या. मी तिला काचेसमोर उभं केलं. आत मधोमध मूस. दिव्याखाली चमकत होती. ती बघत राहिली.

"ही?"

"ही."

"लई झाक हाय की ओ," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "चांदीवानी दिसती."

मी तिचे हात धरून मोज्यांत घातले. तिला भीती वाटत असावी, कोपरापर्यंत आत गेल्यावर ती क्षणभर थांबली. रबर कडक असतं, सवय नसलेल्या माणसाला चमचाही उचलता येत नाही. पण तिनं मूस पहिल्याच खेपेला अलगद उचलली. एका हाताची बोटं आत घातली, दुसरा तळवा बाहेरून लावला आणि ती गोल फिरवू लागली. मडकं ठोकताना धरतात तशी. फिरवायची, थांबायची, परत फिरवायची. ती काय शोधते आहे ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"बाई, याला हाताचा माग न्हाई," ती म्हणाली. "आतनं बोटं उठत्यात मडक्याला. कितीबी पुसली तरी उठत्यात. माझ्या सासऱ्याचं मडकं मी आंधारात वळखीन. याला कायच न्हाई. ह्ये त्यानं केलं?"

मी सांगितलं, की साच्यात दाबून करतात. हाताचा ठसा राहिला तर तो भाग तडकतो, म्हणून सगळं गुळगुळीत लागतं. ती ऐकत होती, पण चेहरा उतरत गेला. एवढ्या लांबून आली होती, एवढा जीव टांगून, आणि हातात आलेल्या भांड्यात तिचं पोर कुठंच नव्हतं. मला वाटलं, दुकानातलं ते चिरलेलं मडकं आणि ही मूस तिला सारखीच परकी झाली. मला वाटलं, कशाला आणलं हिला आत. नाही म्हणून पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं मूस खाली ठेवली. हात काढून घेणार म्हणून बोटं सैल केली, आणि एकाएकी थांबली.

डावा हात. तिनं तो मोज्यात पुन्हा पुढे सारला. करंगळी हलवली. पुन्हा हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हितं बोट म्होरं जात न्हाई."

मी वाकून पाहिलं. मोज्याची डावी करंगळी अर्ध्यावर दुमडून आतल्या बाजूनं चिकटपट्टीनं गुंडाळून टाकलेली होती. मला वाटलं, मोजा फाटला म्हणून पट्टी लावली आणि मला कळवलं नाही. अशा वेळीसुद्धा माझ्या मनात आधी नियमच आला.

"त्याचं येवढंच हुतं," ती म्हणाली. "लहान असताना कडबा तोडाय गेला, मी म्हनत हुते नगं जाऊ. कोयत्यानं निम्मी करंगळी गेली. मीच चुलीतली राख दाबून धरली हुती. येवढीच ऱ्हायली हुती. बराबर येवढीच."

निवृत्तीची करंगळी अर्धी होती, मला माहीत होतं, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होती. रिकामं रबराचं टोक कामात मध्ये येतं म्हणून त्यानं ते आपल्या बोटाच्या मापाचं करून घेतलं होतं. कुणाला सांगायची गरजही वाटली नसेल त्याला.

सारजाबाईनं मग मुशीकडे पाहिलंच नाही. दोन्ही हात मोज्यांत घालून, कपाळ काचेला टेकून ती उभी राहिली. डोळे मिटलेले. हात नुसते आत. मोठे, मातीनं चिरलेले हात, आणि ते त्याच्या हातांच्या जागी नीट बसले होते. मधेच ती बोटं मिटायची आणि उघडायची. एकदा ओठ हलले, पण तिनं काय म्हटलं ते काचेला कळलं असेल, मला नाही.

मी नाडकर्णींकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून उभे होते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी मलाच ते बोलावं लागलं. आयुष्यात मी माणसांना पुष्कळ कडू बोलले आहे, पण याच्याइतकं जड काही तोंडातून काढलेलं नाही.

"मावशी, हात काढा आता."

"हां," ती म्हणाली, आणि काढले नाहीत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं एकेक हात, सावकाश, झोपलेल्या पोराच्या मानेखालून काढतात तसा बाहेर काढला.

तळवे पांढरे झाले होते. तिनं घाबरून विचारलं, की ही पांढरी माती कसली? मी सांगितलं, माती नाही, शंखजिऱ्याची पावडर आहे. घामानं रबर चिकटू नये म्हणून हात घालण्याआधी लावतात.

"कुनी लावली?"

"त्यानंच," मी म्हटलं. "त्याच्यानंतर कुणी हात घातला नाही यात."

ती हातांकडे बघत राहिली. नाडकर्णी तपासणीचं यंत्र घेऊन पुढे आले. आत हात घालणाऱ्या प्रत्येकाला तपासल्याशिवाय सोडत नाहीत, तिलाही सोडणं शक्य नव्हतं. त्यांनी तिचे तळवे उताणे धरायला लावले, यंत्र वरून फिरवलं, बोटांच्या मधून फिरवलं, मनगटापर्यंत नेलं. काटा हलला नाही. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि अगदी मायेनं म्हणाले, "काही नाही, आजी. हात स्वच्छ आहेत. त्याचं काहीही लागलेलं नाही तुम्हाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "येवढा येळ धरलं, बाई. कायबी आलं न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

नाडकर्णींनी कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं. यंत्र काहीही सांगो, बाहेर जाण्याआधी हात धुवायचेच, असा आमचा नियम. तो नियम मीच लिहिला होता. त्यांनी नळ सोडला, साबण पुढे केला.

सारजाबाईनं दोन्ही मुठी घट्ट मिटल्या आणि छातीशी धरल्या.

"लागलंच न्हाई म्हनता न्हवं?" ती म्हणाली. "मग धुवू कशाला?"

नळ वाहत होता. नाडकर्णींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी हात पुढे करून नळ बंद केला आणि स्वतः जाऊन बाहेरचं दार उघडून धरलं.

डगला मी काढला, पायातल्या पिशव्याही मीच सोडल्या, कारण तिनं मुठी उघडल्या नाहीत. तिची पिशवी मी घेतली. नवं धडुतं तसंच घडी केलेलं आत होतं. एस.टी. स्टँडवर तिच्या गावावरून जाणारी कराडची गाडी लागलेली होती. तिनं मुठी पदराखाली घेतल्या आणि मला म्हणाली, "येते, बाई." दांडीला न धरता, कोपर टेकवत ती वर चढली आणि खिडकीशी जाऊन बसली.

कंडक्टर मागून तिकिटं काढत येत होता. मी गाडीत चढले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. दोन तिकिटं काढली, दोन्ही तिच्या गावची. नाहीतर तिला हात उघडावा लागला असता.